दर मंगळवारचा फोन

दरवर्षी १ जानेवारीला आपण नव्या वर्षाचे मेसेज पाठवत असतो, तेव्हा दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी एक अगदी रुक्ष काम उरकलं जातं. परराष्ट्र खात्यातला अधिकारी समोरच्या देशाच्या उच्चायोगातल्या अधिकाऱ्याच्या हाती एक यादी देतो. तीत आपापल्या देशातल्या अणुप्रकल्पांची ठिकाणं असतात, अक्षांश-रेखांशांसकट. शत्रूपासून ज्या जागा सगळ्यात आधी लपवाव्यात असं आपल्याला वाटेल, त्यांचा पत्ता शत्रूलाच लेखी द्यायचा. कारण या जागांवर कोणीही हल्ला करायचा नाही, असा करार आहे.

हा करार ३१ डिसेंबर १९८८ चा, राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो पंतप्रधान असतानाचा. पहिली यादी १९९२ साली दिली गेली. पुढे कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, मुंबईवर २६/११ झालं. त्या हल्ल्यानंतर पाच आठवड्यांनी १ जानेवारी २००९ उजाडला. देश संतापलेला होता, युद्ध होणार का याचीच चर्चा सगळीकडे होती. त्या दिवशीही याद्या दिल्या-घेतल्या गेल्या.

भारत-पाकिस्तानात शांतता कधी होणार, असं कोणी विचारलं की मला ही यादी आठवते. आपण शांतता म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर मिठ्या येतात, वाघ्याला उघडलेलं फाटक येतं, क्रिकेटचा सामना येतो. ती मैत्री झाली. मैत्री झाली तर उत्तमच, पण तिच्याआधी आणखी एक गोष्ट असते आणि ती बातमीत येत नाही. भांडण मिटणं वेगळं आणि भांडण आवरणं वेगळं. मिटवायला दोन्हीकडे मोठी माणसं लागतात, बरीचशी नशिबाची साथ लागते. आवरायला लागतात फोन, याद्या, नकाशे आणि वेळेवर येणारे कारकून.

आता फोनचं बघू. दोन्ही सैन्यांत डीजीएमओ नावाचं पद असतं, म्हणजे लष्करी मोहिमांचे महासंचालक. १९७१ च्या युद्धानंतर या दोन कार्यालयांमध्ये थेट फोनलाइन टाकली गेली. दर मंगळवारी तिच्यावरून बोलणं होतं, बहुतेक वेळा खालच्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्यांचं. बोलण्यात काव्य नसतं. अमुक ठिकाणी तुमच्या बाजूने गोळीबार झाला, तमुक ठिकाणी तुमचं बांधकाम चालू दिसतं, आमचा एक माणूस चुकून पलीकडे आलाय, असंच काहीबाही.

हा फोन किती कामाचा आहे ते १० मे २०२५ ला दिसलं. पहलगामचा हल्ला २२ एप्रिलचा. ७ मेला भारताने ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू केलं आणि पुढचे चार दिवस क्षेपणास्त्रं, ड्रोन आणि तोफा चालल्या. १० तारखेला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी भारताच्या डीजीएमओंना फोन केला. संध्याकाळी ५ पासून जमिनीवर, हवेत आणि समुद्रात मारा थांबवायचा असं ठरलं. त्याआधी वॉशिंग्टनमधून कोणी काय केलं यावर दोन्ही देश आजही वेगवेगळं सांगतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष तर श्रेय घ्यायला थकत नाहीत. ते काही असो, वेळ ठरली ती या फोनवर. दोन अण्वस्त्रधारी देशांमधला मारा थांबवण्यासाठी नवी समिती नेमावी लागली नाही, जागा शोधावी लागली नाही. नंबर होता, तो लावला गेला.

लाइन असली की सगळं सुरळीत होतं, असा मात्र याचा अर्थ नाही. ९ मार्च २०२२ ला भारताकडून एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानी पंजाबात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, माणूस मेला नाही. भारताचं जाहीर निवेदन यायला दोन दिवस लागले. पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. आता हीच चूक लढाई चालू असतानाच्या एखाद्या रात्री झाली असती तर? दोन शेजारी देशांमध्ये क्षेपणास्त्राला पोचायला काही मिनिटं लागतात. ‘हे चुकून सुटलंय’ हे समोरच्याला सांगायला आणि समोरच्याला ते पटायला तेवढीच मिनिटं असतात. पटण्यासाठी आधी बोलण्याची सवय असावी लागते. मंगळवारच्या कंटाळवाण्या फोनचं मोल इथे आहे.

नियंत्रण रेषेवरचं उदाहरण आणखी सरळ आहे. २०२० या एका वर्षात भारत सरकारच्या आकड्यांप्रमाणे शस्त्रसंधीचा भंग ५,१३३ वेळा झाला. सरासरी काढली तर दिवसाला चौदा वेळा. मग २५ फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही डीजीएमओंनी एक छोटं संयुक्त निवेदन काढलं: आदल्या मध्यरात्रीपासून सगळे जुने करार आणि शस्त्रसंधी काटेकोर पाळायची. नवा करार नाही, सही-समारंभ नाही. आणि गोळीबार जवळजवळ थांबला. पुढची चार वर्षं पूंछ, उरी, मेंढरच्या गावांत लोक बंकरऐवजी घरात झोपले, सीमेजवळची शेतं पेरली गेली. मे २०२५ मध्ये तोफगोळे पुन्हा पूंछच्या वस्तीत पडले आणि साधी माणसं मेली, तेव्हा त्या चार वर्षांची किंमत कळली. काश्मीर प्रश्न या चार वर्षांत तसूभरही सुटला नव्हता. भांडण आवरलेलं मात्र होतं.

आता सर क्रीक, म्हणजे गुजरात आणि सिंध यांच्यामधली वादातली खाडी. महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल, कच्छच्या टोकाच्या चिखलाशी आपला काय संबंध? संबंध आहे. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागातले कितीतरी जण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळहून बोटी निघतात. मासळी उत्तरेकडे दाट, आणि पाण्यावर रेघ नसते. कधी इंजिन बंद पडतं आणि प्रवाह बोट ओढून नेतो, कधी तांडेल (बोटीचा प्रमुख) जाणूनबुजून थोडा पुढे जातो; दोन्ही होतं. मग पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाची गस्ती नौका येते, बोट जप्त होते आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात जातो. तसेच त्यांचे मच्छीमार आपल्याकडे पकडले जातात. शिक्षा काही महिन्यांची असते, पण ती संपल्यावरही सुटका होत नाही. कारण आधी माणूस आपलाच आहे हे त्याच्या सरकारने तपासून कळवायचं, आणि मग दोन्ही सरकारांचं सोडण्याचं मन व्हायचं. घरी बायको एकटी, आणि बोट गेलेली असल्यामुळे मालकही हात वर करतो.

ही रेघ नक्की का नाही? सर क्रीक ही साधारण ९६ किलोमीटर लांबीची खाडी. १९१४ साली कच्छचे राव आणि सिंध यांच्यातला वाद मिटवायला त्या वेळच्या मुंबई सरकारने एक ठराव केला (सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता). ठरावाला जोडलेल्या नकाशात खाडीच्या पूर्व काठाने एक हिरवी रेघ आहे. पाकिस्तान ती रेघ दाखवतो आणि म्हणतो, सगळी खाडी आमची. भारत म्हणतो, खाडीतून नावा जातात, आणि नावा जाणाऱ्या पाण्यात सीमा प्रवाहाच्या मध्यावरून धरायची हा रिवाज आहे. बांधावरचं भांडण, दुसरं काय. फक्त बांध चिखलाचा आहे आणि भरती-ओहोटीबरोबर सरकतो. जमिनीवरची रेघ थोडीशी हलली तरी तिथून समुद्रात निघणारी सीमा बरीच हलते, म्हणून कोणी सोडायला तयार नाही. २००७ साली दोन्हीकडच्या सर्वेक्षकांनी मिळून खाडीची मोजणीसुद्धा केली. सगळे म्हणतात, दोन्ही देशांमधला हा सगळ्यात सुटण्याजोगा प्रश्न. तो अजून तिथेच आहे.

गंमत अशी की, याच खाडीला लागून असलेला कच्छच्या रणाचा वाद दोन्ही देशांनी चक्क सोडवलेला आहे. १९६५ च्या एप्रिलमध्ये रणात लढाई झाली. ब्रिटिश पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने ३० जूनला असं ठरलं की सीमेचा निवाडा लवादाकडे द्यायचा. आणि लगेच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन्ही देशांत पूर्ण युद्ध पेटलं. लवाद मात्र मोडला नाही. भारताने एक सदस्य नेमला तो युगोस्लाव्हियाचा, पाकिस्तानने नेमला तो इराणचा आणि अध्यक्ष स्वीडनचे. १९ फेब्रुवारी १९६८ ला निकाल लागला. रणाचा सुमारे नऊ-दशांश भाग भारताला मिळाला, उरलेला पाकिस्तानला. इकडे संसदेत गदारोळ झाला, जनसंघाने कच्छमध्ये सत्याग्रह केला. इंदिरा गांधींच्या सरकारने तरीही निकाल मानला, सीमेवर खांब रोवले गेले. आज त्या सीमेबद्दल कोणी बोलत नाही. सुटलेला वाद लोक विसरतात, त्यामुळे वाद सुटतच नाहीत असा समज पक्का होत जातो.

सिंधू जलकराराची गोष्टही अशीच, निदान २०२५ पर्यंत. फाळणीत नद्या एका बाजूला उगवत होत्या आणि कालवे दुसऱ्या बाजूला गेले होते. १ एप्रिल १९४८ ला पूर्व पंजाबने पलीकडच्या कालव्यांचं पाणी बंद केलं, महिनाभराने ते पुन्हा सोडलं. पण पाकिस्तानच्या मनात ती भीती कायमची बसली. मग जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी करार केला. त्यातली युक्ती अशी की पाणी वाटायचंच नाही, नद्या वाटायच्या. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानला, भारताला त्यांवर ठरावीक वापराची मुभा. भावाभावांनी एकाच विहिरीवर पाळ्या लावून रोज भांडण्यापेक्षा विहिरीच वाटून घ्याव्यात, तसं. दोन्हीकडच्या सिंधू आयुक्तांनी वर्षातून एकदा तरी भेटायचं. हा करार १९६५, १९७१ आणि १९९९ मधूनही तरला.

पहलगामनंतर, २३ एप्रिल २०२५ ला भारताने तो स्थगित ठेवला. सीमेपलीकडून दहशतवाद चालू असताना पाण्याचा करार जसाच्या तसा पाळायचा का, हा राग मला कळतो. पण त्याच ऑगस्टमध्ये काय झालं पाहा. जम्मूत तवी नदीला पूर आला. पुराची सूचना खाली द्यायला हवी होती. सिंधू आयुक्तांचा मार्ग बंद, म्हणून भारताने ती इस्लामाबादमधल्या आपल्या उच्चायोगामार्फत, माणुसकीच्या नात्याने दिली. पाणी कोणाचा करार वाचून वाहत नाही. एक दार बंद केलं तरी निरोप दुसऱ्या दारातून द्यावाच लागला.

मग भांडण मिटत का नाही? मिटवायच्या जवळ गेल्याचे प्रसंग कमी नाहीत. वाजपेयी फेब्रुवारी १९९९ मध्ये बसने लाहोरला गेले, जाहीरनामा झाला. त्याच हिवाळ्यात पाकिस्तानी सैनिक कारगिलच्या शिखरांवर बसत होते. मोदी २५ डिसेंबर २०१५ ला अचानक लाहोरला उतरले. आठ दिवसांनी पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला. हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. ज्यांचं दुकान भांडणावर चालतं त्यांना समेटाचा वास सगळ्यात आधी लागतो. पाकिस्तानात पंतप्रधान सही करतो, पण शब्द पाळायचा की नाही हे रावळपिंडीत, लष्कराच्या मुख्यालयात ठरतं. लष्कर-ए-तय्यबा, जैश-ए-मोहम्मद यांसारख्या संघटनांना तिथे जागा मिळत राहिली तोवर एक हल्ला दहा वर्षांची बोलणी उधळू शकतो. आपल्याकडची अडचण वेगळ्या जातीची आहे: टीव्हीवर रोज रात्री युद्ध जिंकलं जातं आणि नकाशावरच्या एका रेघेबद्दल कोणी हळू आवाजात बोललं तरी तो देश विकायला निघालेला ठरतो. कच्छचा निवाडा आजच्या वातावरणात कोणी मानला असता का, याची मला शंका आहे.

सगळ्यात जवळ आपण गेलो होतो ते २००४ ते २००७ या काळात. भारताकडून पंतप्रधानांचे दूत सतींदर लांबा आणि पाकिस्तानकडून राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांचे विश्वासू तारिक अझीझ तिसऱ्या देशांत गुपचूप भेटत होते. काश्मीरबद्दल जो आराखडा तयार होत होता त्यात रेषा बदलायची नव्हती. ती बिनमहत्त्वाची करायची होती. दोन्हीकडच्या लोकांना येण्याजाण्याची आणि व्यापाराची मोकळीक, दोन्हीकडे स्वशासन, हिंसा कमी होईल तसं सैन्य कमी, आणि काही विषयांसाठी एकत्रित यंत्रणा. एप्रिल २००५ मध्ये श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली ती याच काळात. मग मार्च २००७ मध्ये मुशर्रफ यांनी आपल्या सरन्यायाधीशांना हटवलं, वकील रस्त्यावर आले आणि मुशर्रफ यांची खुर्चीच डळमळली. पुढच्या वर्षी ते गेले, आणि नोव्हेंबरमध्ये मुंबई जळत होती.

रेषा न हलवता भांडणातली हवा काढण्याची ही कल्पना हवेतली नाही. दक्षिण अमेरिकेत पेरू आणि इक्वेडोर हे शेजारी अनेक पिढ्या सीमेवरून भांडत होते. १९४१ मध्ये युद्ध, १९९५ मध्ये पुन्हा जंगलातल्या सेनेपा नदीच्या खोऱ्यात. अर्जेंटिना, ब्राझील, चिली आणि अमेरिका हे चार देश हमीदार म्हणून मध्ये बसले आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये तोडगा निघाला. अडलं होतं तिविंझा नावाच्या जागेपाशी. तिथे इक्वेडोरचे सैनिक लढले होते. ती सोडली असं घरी जाऊन सांगणं कोणत्याही सरकारला झेपलं नसतं. मग ठरलं की जागा पेरूच्या हद्दीतच राहील, पण तिथला एक चौरस किलोमीटर इक्वेडोरच्या खासगी मालकीचा. सातबारा इक्वेडोरचा, राज्य पेरूचं, असं आपल्या भाषेत म्हणता येईल. दोघांनाही आपापल्या लोकांना तोंड दाखवता आलं. तिथे ना अण्वस्त्रं होती, ना सीमेपलीकडून येणारे दहशतवादी. त्यामुळे ते उदाहरण उचलून इथे चिकटवता येणार नाही. पण समोरच्याला घरी जाऊन काय सांगता येईल याचा विचार आपणच करून द्यायचा, ही अक्कल मात्र घेण्यासारखी आहे.

आजची स्थिती सांगायची तर बहुतेक तारा तुटलेल्या आहेत. ऑगस्ट २०१९ पासून दोन्ही देशांचे उच्चायुक्त एकमेकांकडे नाहीत, व्यापारही तेव्हापासून जवळजवळ बंद. एप्रिल २०२५ मध्ये अटारीची तपासणी चौकी बंद झाली आणि एकमेकांच्या विमानांना आकाश बंद झालं. २०१९ च्या तणावातही नोव्हेंबरमध्ये उघडलेला कर्तारपूरच्या गुरुद्वाऱ्याचा मार्ग मे २०२५ मध्ये बंद झाला.

तेव्हा पुढे बातम्या वाचताना शिखर परिषदेची वाट बघू नका. दोन पंतप्रधान कुठल्या तरी संमेलनात हस्तांदोलन करतात का, यावर चॅनेलवाले तासभर घालवतील. त्यातून फारसं काही कळत नाही. विमानांसाठी आकाश उघडलं का, उच्चायुक्त परत गेले का, सिंधू आयुक्त कुठल्या नावाखाली का होईना एकत्र बसले का, हे बघा. आणि सगळ्यात आधी मच्छीमारांची तुकडी अटारी-वाघ्याहून घरी आली का ते बघा. संबंध सुधारायचे असतात तेव्हा पहिली खूण बहुतेक वेळा तीच असते, कारण मच्छीमार सोडल्याबद्दल कोणत्याही सरकारला घरी शिव्या खाव्या लागत नाहीत.

याद्यांचं काम मात्र अजून चालू आहे. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. १ जुलै २०२५ ला, म्हणजे क्षेपणास्त्रं थांबल्यावर दोन महिनेही झालेले नसताना, भारताने ३८२ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमारांची नावं दिली. पाकिस्तानने ५३ नागरी कैदी आणि १९३ मच्छीमारांची. शिक्षा पुरी झालेले १५९ जण तरी आता सोडा, असं भारताने त्याच दिवशी कळवलं.